खाडीच्या दोन काठांवर

दोस्तांनो, आज आधी एक कोडं.

दोन श्रीमंत माणसं आहेत. दोघांचे बंगले पाण्याकाठी, अगदी समोरासमोर. मध्ये छोटीशी खाडी. दोघांकडे गाड्या, नोकरचाकर, माळी, सगळं काही आहे. एकाने पैसा बेकायदा धंद्यातून मिळवलाय, तर दुसऱ्याला तो जन्मताच मिळालाय. सांगा बघू, दोघांतला बरा कोण?

घाई नको हं! 'त्यात काय विचारायचं, लबाडीचा पैसा तो लबाडीचाच' असं म्हणून मोकळे होऊ नका. ही दोन माणसं ज्या कादंबरीत आहेत, ती वाचून शंभर वर्षं लोक याच प्रश्नावर वाद घालताहेत.

कादंबरीचं नाव 'द ग्रेट गॅट्सबी'. लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड. १० एप्रिल १९२५ रोजी ती न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. गोष्ट घडते १९२२ सालच्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्क शहराजवळच्या लाँग आयलंड या लांबलचक बेटावर. तिथे पाण्यात घुसलेले जमिनीचे दोन तुकडे आहेत. लेखकाने त्यांना नावं दिलीत ईस्ट एग आणि वेस्ट एग, म्हणजे पूर्वेचं अंडं आणि पश्चिमेचं अंडं! नावं कल्पित, पण जागा खऱ्या. वेस्ट एग म्हणजे ग्रेट नेक नावाचं गाव. फिट्झजेराल्ड स्वतः १९२२ ते १९२४ या काळात तिथे राहत होते.

पूर्वेच्या काठावर राहतो टॉम बुकॅनन. पश्चिमेच्या काठावर जे गॅट्सबी. आणि आपल्याला ही गोष्ट सांगतो तो निक कॅरवे, गॅट्सबीचा शेजारी. निकचं घर अगदी साधं, महिना ८० डॉलर भाड्याचं. टॉम त्याचा कॉलेजातला ओळखीचा आणि टॉमची बायको डेझी त्याची लांबच्या नात्यातली बहीण. त्यामुळे निकला दोन्ही घरांत मुक्त प्रवेश!

आधी टॉमची ओळख करून घेऊ. वय तीस. धिप्पाड अंगाचा, कॉलेजात फुटबॉल गाजवलेला. घरची श्रीमंती अफाट. पोलो खेळायचे घोडेसुद्धा त्याने थेट शिकागोकडून आणवलेले. लग्नात त्याने डेझीला मोत्यांची माळ दिली, साडेतीन लाख डॉलरची. आता जरा गणित करा. निकच्या घराचं भाडं महिना ८० डॉलर. म्हणजे त्या एका माळेच्या किमतीत निकचं भाडं तब्बल ३६४ वर्षं भरता आलं असतं!

आता गॅट्सबी. त्याचं खरं नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डाकोटा या राज्यातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा. सतराव्या वर्षी एका कोट्यधीशाच्या नौकेवर त्याला काम मिळालं आणि त्या दिवशी त्याने स्वतःचं नावच बदलून टाकलं. पुढे पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला. १९१७ मध्ये लुइव्हिल गावी त्याची नि डेझीची भेट झाली. दोघांचं प्रेम जडलं. पण तो लढाईवर गेला, मागे डेझीने वाट पाहिली, कंटाळली आणि १९१९ च्या जूनमध्ये टॉमशी लग्न करून मोकळी झाली.

गॅट्सबी मात्र ते प्रेम विसरला नाही. त्याने पैसा कमावला आणि मुद्दाम डेझीच्या घरासमोरचा राजवाड्यासारखा बंगला घेतला. रात्री तो खाडीपलीकडे बघत उभा राही. डेझीच्या धक्क्यावर एक हिरवा दिवा जळत असे, तो बघायला. दर शनिवारी-रविवारी तो प्रचंड मेजवान्या देई. शुक्रवारी संत्र्यालिंबांची खोकी यायची आणि सोमवारी मागच्या दारी नुसत्या सालांचा डोंगर! स्वयंपाकघरात रस काढायचं यंत्र होतं. त्याचं एक बटण २०० वेळा दाबलं की अर्ध्या तासात २०० संत्र्यांचा रस तयार. शेकडो लोक येऊन खाऊन-पिऊन जात. त्यातले बरेचसे बिनबोलावलेले! एवढा खटाटोप कशासाठी? तर कधीतरी चुकून डेझी येईल म्हणून.

आता कोड्याकडे वळू. पैसा आला कुठून?

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी होती. ती उठली १९३३ च्या डिसेंबरात. त्या काळात दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा. मात्र डॉक्टरने लिहून दिलं तर औषध म्हणून ती दुकानात मिळे. झालं! चोरट्या व्यापाराला औषधांच्या दुकानांचा छान आडोसा मिळाला. गॅट्सबी आणि त्याचा भागीदार वुल्फशाइम यांनी अशीच दुकानं विकत घेऊन दारू विकली. ही चौकशी करून टॉमने भर उन्हाळ्यात एका हॉटेलच्या खोलीत सगळ्यांसमोर ती उघड केली. गॅट्सबीचा चेहरा खर्रकन उतरला. टॉम जिंकला.

पण थांबा. त्या हॉटेलवर जाताना टॉमने बरोबर काय नेलं होतं, माहीत आहे? टॉवेलात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली! दारूबंदी चालू असताना ती त्याला मिळाली कुठून? गॅट्सबीसारख्याच कुणाकडून तरी ना? म्हणजे विकणारा बदमाश आणि विकत घेणारा सभ्य गृहस्थ!

आणखी एक गंमत. गॅट्सबीचा पैसा कुठून आला हे शोधायला या गोष्टीत सगळे धडपडतात. पाहुणेसुद्धा त्याच्याच घरी जेवून त्याच्याबद्दल कुजबुजतात. पण टॉमच्या घराण्याचा पैसा मुळात आला कुठून? पुस्तक पुन्हा पुन्हा चाळा, उत्तर सापडणार नाही. कारण ते कुणी विचारतच नाही. पैसा जुना झाला की त्याचा पत्ता विचारायची पद्धत नसते, नव्या पैशाला मात्र सगळे पत्ता विचारतात. खरं तर टॉमचा बंगलाही वाडवडिलांचा नव्हे. तो त्याने एका तेलवाल्या धनिकाकडून घेतलेला. आणि गॅट्सबीचा? एका बिअर बनवणाऱ्याने बांधलेला! म्हणजे दोघंही दुसऱ्याच्या घरात राहणारे. पण टॉम तिथे मालक वाटतो आणि गॅट्सबी मात्र स्वतःच्या मेजवानीतही पाहुण्यासारखा बाजूला उभा असतो.

टॉमला आपल्या मोठेपणाची खात्री कशी वाटते, तेही बघा. जेवताना तो एका पुस्तकाचा हवाला देऊन सांगतो, की गोऱ्या लोकांनी सावध राहिलं नाही तर बाकीचे वंश जगावर राज्य करतील. हे विचार लेखकाने हवेतून आणले नव्हते. त्या वर्षांत अमेरिकेत अशी पुस्तकं खरोखर खपत होती. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला नागरिकत्व नाकारलं. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते! पण कायद्याला हवा तसा 'गोरा' हा माणूस नाही, असा निकाल झाला. टॉमच्या टेबलावर आपल्याला खुर्ची मिळाली नसती, दोस्तांनो.

मग काय, गॅट्सबी आपला हिरो? बऱ्याच वाचकांना तसं वाटतं. तो प्रेमळ आहे, स्वप्नं बघणारा आहे. लहानपणी त्याने एका पुस्तकाच्या कोऱ्या पानावर स्वतःचं वेळापत्रक लिहिलं होतं. पहाटे उठायचं, व्यायाम, विजेचा अभ्यास, बोलण्याची तालीम, पैसे वाचवायचे, आईवडिलांशी नीट वागायचं! परीक्षेआधी भिंतीवर वेळापत्रक चिकटवणाऱ्या आपल्यातल्या कुणालाही हा मुलगा ओळखीचा वाटेल.

आता दोघांना एकच प्रश्न विचारून बघू. यांच्या हातून काही मोडलं, तर हे काय करतात?

गॅट्सबीच्या मेजवानीत एका मुलीचा झगा खुर्चीत अडकून फाटतो. आठवड्याच्या आत तिच्या घरी नवा झगा हजर, २६५ डॉलरचा. टॉमचं काय? लग्नाला काही महिने होतात न होतात तोच तो रात्री गाडी ठोकतो. बरोबर डेझी नव्हे, तर हॉटेलात काम करणारी एक मुलगी. तिचा हात मोडतो, बातमी पेपरात छापून येते. टॉम पुढच्या गावाला. मर्टल विल्सन नावाच्या एका बाईशी त्याचं लपूनछपून प्रकरण चालू असतं. ती उलट बोलली, तर तो तिचं नाक फोडतो. इतकं सगळं करून तो नामानिराळा!

इथे गॅट्सबीला पैकीच्या पैकी मार्क द्यावेसे वाटतात ना? पण पुढे वाचा.

मर्टलचा नवरा जॉर्ज विल्सन. न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं कळकट गॅरेज आहे. भोवती राखेचे ढीग. हीसुद्धा खरी जागा, बरं का. शहरातल्या भट्ट्यांची राख तिथे आणून टाकत. पुढे ती सपाट करून तिथेच १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरलं. टॉम या विल्सनला 'तुला माझी गाडी विकतो' म्हणत महिनोन् महिने झुलवत ठेवतो. तेवढ्याच आशेवर तो बिचारा जगतो.

हॉटेलातल्या त्या भांडणानंतर संध्याकाळी गॅट्सबीची पिवळी गाडी त्याच रस्त्याने परत येते. चालवतेय डेझी, शेजारी गॅट्सबी. गाडीत टॉम आहे असं समजून मर्टल धावत रस्त्यावर येते आणि गाडीखाली सापडून मरते. गाडी थांबत नाही.

त्या रात्री गॅट्सबी डेझीच्या घराबाहेर अंधारात उभा राहतो. आळ आपल्यावर घ्यायचं त्याने ठरवलेलं असतं. केवढा त्याग, नाही? पण निकशी बोलताना त्याला काळजी फक्त डेझीची असते. तिला धक्का बसला असेल, टॉम तिला त्रास देईल. रस्त्यावर जी बाई मेली, तिच्याबद्दल मनापासून एक शब्द नाही. फाटलेला झगा भरून देणारा माणूस हाच! झग्याला किंमत असते आणि ती चुकती करता येते. मर्टलची किंमत कुणाकडे मागायची? आणि त्याच वेळी आत स्वयंपाकघरात टॉम आणि डेझी समोरासमोर बसून हळू आवाजात बोलत असतात. त्यांचं पुन्हा एक झालेलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. विल्सनला टॉम सांगतो, 'ती गाडी गॅट्सबीची.' गाडी कोण चालवत होतं हे टॉमला ठाऊक नसावं. विल्सन गॅट्सबीला त्याच्या तलावात गोळी घालतो आणि मग स्वतःलाही. टॉम-डेझी सामान बांधून निघून जातात. पत्ताही ठेवत नाहीत. अंत्यविधीला ते शेकडो पाहुणे? एखाददुसरा सोडला तर कुणी नाही. निक, गॅट्सबीचे म्हातारे वडील, चार नोकर, एक पोस्टमन. भागीदार वुल्फशाइमसुद्धा येत नाही. (२०१३ च्या चित्रपटात हा वुल्फशाइम रंगवला होता आपल्या अमिताभ बच्चन यांनी!) काही दिवसांनी निकला टॉम रस्त्यात भेटतो. त्याला कसलाही पस्तावा नाही. बोलणं संपवून तो एका जवाहिऱ्याच्या दुकानात शिरतो.

आता पुन्हा कोडं. बरा कोण? टॉम की गॅट्सबी? निकचा कौल गॅट्सबीला आहे, आणि तो पटतोही. गॅट्सबी निदान कुणासाठी तरी उभा राहिला. टॉम फक्त निसटला. पण दोघांची तुलना करता करता आपणही विल्सन नवरा-बायकोला विसरलो, हे लक्षात आलं का? खाडीच्या दोन्ही काठांवर दिवे लखलखत होते. त्यांच्या भांडणाची किंमत मोजली ती मात्र राखेतल्या माणसांनी. पैसा जुना की नवा, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नव्हता.

ही कादंबरी सुरुवातीला फारशी खपली नाही. १९४० मध्ये फिट्झजेराल्ड वारले तेव्हा ते जेमतेम ४४ वर्षांचे होते आणि आपण अपयशी ठरलो असंच त्यांना वाटत होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना वाचायला तिच्या सुमारे दीड लाख प्रती वाटल्या गेल्या आणि मग तिचं नशीब उघडलं. पुस्तक छोटंसं आहे, अवघी नऊ प्रकरणं. इंग्रजी थोडं अवघड वाटेल, पण मोठ्या ताईला किंवा दादाला सोबत घेऊन जरूर वाचा. वाचताना जिथे जिथे काही मोडेल, फाटेल, फुटेल तिथे क्षणभर थांबा आणि विचारा, 'हे भरून कोण देणार?'

तुमचं उत्तर काय येतं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात भेटू, एका नव्या पुस्तकासोबत!