चौऱ्यायशी गुणांचा खेळ

मेहरूणच्या तलावाकांठीं संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या आमच्या मंडळींत एका निवृत्त स्नेह्यांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस भर रस्त्यांत आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. “प्राध्यापक, तुम्ही म्हणे घरीं बसून व्हिडिओ गेम खेळतां? अहो, वय काय तुमचें!” आमचें वय पंचावन्न आहे आणि गुन्हा आम्हीं तेथेंच कबूल केला. त्याच आठवड्यांत दुसऱ्या बाजूनें हल्ला आला. आमचा एक माजी विद्यार्थी, वय वर्षें चोवीस, खेळाचें नांव ऐकून दयेनें हंसला व म्हणाला, “सर, तो? तो तर बगांनीं भरलेला आहे. त्यापेक्षां नवीन कांहीं घ्या.” एकाच्या मतें खेळ ही वस्तुच हलकी. दुसऱ्याच्या मतें खेळ ही वस्तु थोर, पण हा खेळ सदोष, सबब हलका.

पहिल्या आक्षेपावर शाई खर्चण्याचें कारण नाहीं. कादंबरी वाचणाऱ्या मुलींस एके काळीं हेंच ऐकावें लागे, पुढें सिनेमास जाणाऱ्या मुलांस लागलें. आणि ऐकविणारे वडील रात्रीं उशाखालीं कादंबरी ठेवीत, हेंही सर्वांस ठाऊक आहे. दुसरा आक्षेप मात्र वरवर शास्त्रीय दिसतो, म्हणून अधिक घातक. हा लेख त्याच्यासाठीं आहे.

खेळाचें नांव ‘फॉलआउट: न्यू वेगास’. अमेरिकेंतील ऑब्सिडियन नांवाच्या मंडळीनें तो रचला व २०१० च्या ऑक्टोबरांत तो बाजारांत आला. २०२० च्या टाळेबंदींत पुण्याहून येऊन घरीं अडकलेल्या आमच्या चिरंजीवांनीं तो आमच्यापुढें ठेवला. चिरंजीव परत गेले, खेळ राहिला. कथा अशी कल्पिली आहे: २०७७ सालीं अमेरिका व चीन यांचें अणुयुद्ध होऊन दोन तासांत जग बेचिराख झालें, आणि आपण उभे आहों तें त्यानंतर दोनशें चार वर्षांनीं, मोहावीच्या वाळवंटांत. सरकीरुई नाहीं, रुपया नाहीं. शीतपेयांच्या बाटल्यांचीं झांकणें हेंच चलन. आपण एक जासूद. खेळाच्या आरंभींच आपणांस गोळी घालून पुरण्यांत येतें, आणि एक खेडवळ डॉक्टर आपणांस जगवितो. पुढें हळूहळू कळतें कीं, सारा तंटा हूव्हर धरणाचा आहे. हें धरण खरें; तें १९३१ ते १९३६ या काळांत बांधलें गेलें. त्यावर तिघांचा डोळा आहे. एक प्रजासत्ताक, जें कायद्याबरोबर कर आणि जमिनीची भूकही घेऊन येतें. दुसरी रोमची नक्कल करणारी, गुलाम बाळगणारी फौज. तिसरा जुगाराच्या नगरीचा धनी, जो दोन शतकें यंत्राच्या आधारें जिवंत राहिला आहे. धरण कोणाच्या पदरांत टाकावयाचें, कीं कोणाच्याच नाहीं, हें आपण ठरवावयाचें. आम्ही तीन वेळां निरनिराळें ठरविलें आणि तिन्ही वेळां झोंप नीट लागली नाहीं.

खानदेशच्या वाचकास ही कथा परकी वाटूं नये. १८०२ सालीं होळकरांच्या फौजांनीं हा प्रांत लुटला. त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. पेंढाऱ्यांनीं उरलेसुरलें नेलें. १८१८ सालीं इंग्रजांचा पहिला अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज येथें आला व त्यानें धुळ्यास ठाणें केलें, तेव्हां त्याच्या हातीं पडला तो ओसाड गांवांचा, बुजलेल्या विहिरींचा आणि रान माजलेल्या शेतांचा मुलूख. मुंबई गॅझेटियरचा १८८० सालचा बारावा खंड ज्यानें चाळला असेल त्यास मोहावीच्या वाळवंटांत वाट विचारावी लागत नाहीं. जग बुडाल्यावर पुनः कोण बसवितो, आणि बसविणारा त्याची काय किंमत घेतो, हा आमच्या पणज्यांचाही प्रश्न होता. पाण्याचें वाटप ज्याच्या हातीं त्याचें राज्य, हें तर पांझरेच्या फडावर पाटकऱ्याची वाट पाहत वाढलेल्या शेतकऱ्यास हूव्हर धरणापर्यंत जाऊन शिकावें लागतच नाहीं.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. कागद वाचणें हा आमचा धंदा. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळाच्या दप्तरांत तरुणपणीं घालविलेल्या दुपारींमुळें एक खोड लागली ती लागलीच: कोणी बखर सांगूं लागला कीं आम्ही विचारतों, कागद कोठें आहे? या खेळाची थोरवी आम्हांस पटली ती येथें. तो बखर सांगत नाहीं, कागद पुढें टाकतो. एका वस्तींत एका पहारेकऱ्याची गरोदर बायको नाहींशी झाली आहे. कोणी कांहीं बोलत नाहीं. शोधतां शोधतां एका तिजोरींत विक्रीखत सांपडतें. त्यांत त्या बाईची किंमत लिहिली आहे, आणि पोटांतल्या मुलाची वेगळी. खालीं सही. सही करणारी व्यक्ति सकाळींच आपणांशीं गोड बोलून गेलेली असते.

पण सर्वांत मोठें दप्तर अकराव्या ‘व्हॉल्ट’चें. अणुयुद्धापूर्वीं कांहीं लोकांस जमिनीखालच्या आश्रयस्थानांत कोंडून घेतलें होतें, त्यांतलें हें एक. आपण उतरतों तेव्हां तेथें कोणी नाहीं. भिंतींवर निवडणुकीचे फलक आहेत. आणि नवल असें कीं, फलकांवर उमेदवाराचे गुण नाहींत, दुर्गुण आहेत. आपण हंसतों. मग एकेक टिपण हातीं लागतें. दार लागल्यावर या लोकांस यंत्रानें बजावलें होतें कीं, दरवर्षीं एकाचा बळी द्या, नाहीं तर सारे मराल. त्यांनीं रीतसर निवडणूक सुरू केली. जो निवडून येईल तो वर्षभर प्रमुख, आणि वर्षाअखेर बळी. मग गट झाले, मतांचे सौदे झाले. नवऱ्यास वांचविण्यासाठीं एका बाईनें त्या गटाची मागेल ती किंमत दिली. तरीही गटानें नवऱ्यासच उभें केलें. तिनें खून केले, अशासाठीं कीं लोकांनीं रागानें तिलाच निवडावें. आणि निवडून येतांच हुकूम काढला कीं, यापुढें बळी चिठ्ठीनें ठरेल. गटाचें बळ त्या एका ओळीनें संपलें, म्हणून गटानें बंदुका उचलल्या. शेवटीं पांच जण उरले. त्या पांचांनीं यंत्रास सांगितलें, आम्ही कोणास देणार नाहीं, काय करावयाचें तें कर. यंत्रानें त्यांचें अभिनंदन केलें. नकार देणें हीच परीक्षा होती. दार पहिल्या वर्षींही उघडलें असतें.

हें सारें सांगावयास कोणी निवेदक नाहीं. ओल्या भिंती, कागद आणि आपण. आम्ही ग्रीक शोकनाट्यें भाषांतरांतून वाचलीं आहेत, आणि निवडणुका तर आयुष्यभर पाहत आलों आहों. त्या रात्रीं खुर्चींतून उठून आम्ही स्वयंपाकघरांत पाणी प्यावयास गेलों व बराच वेळ तेथेंच उभे राहिलों. कुटुंबानें विचारलें, “काय झालें?” सांगतां येईना.

आतां दोष. ते होते, आणि थोडे नव्हते. खेळ बाजारांत येतांच लोकांनीं तक्रारींचा पाऊस पाडला. आपणांस जगविणारा तो डॉक्टर आरंभींच प्रश्न विचारूं लागतो. कांहींच्या पडद्यावर त्याचें डोकें मानेभोंवतीं चक्रासारखें फिरूं लागलें, आणि तें चित्र जगभर थट्टेचा विषय झालें. प्राणी कमरेपर्यंत जमिनींत रुतून चालत. मधेंच खेळ गोठे. कित्येकांची जतन केलेली मजल पुसली गेली. हा अवाढव्य संसार सुमारें अठरा महिन्यांत उभारला होता, हें त्याचें एक कारण. पुढें शुद्धिपत्रें निघालीं, ज्यांस त्या धंद्यांत ‘पॅच’ म्हणतात. जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटीं ‘अशुद्ध’ व ‘शुद्ध’ असे दोन रकाने असत, तसाच हा प्रकार.

पण मधल्या काळांत गुण देऊन झाले होते. सगळीं परीक्षणें गोळा करून त्यांची सरासरी मांडणारें ‘मेटाक्रिटिक’ नांवाचें एक दप्तर आहे. प्रकाशकाशीं झालेल्या करारांत ८५ गुण पडल्यास रचणाऱ्यांस बक्षिसी मिळेल असें कलम होतें, ही गोष्ट त्या मंडळींतील एका प्रमुख लेखकानें २०१२ सालीं उघड केली. गुण पडले ८४. आमच्या तरुण मित्रास ही कथा सांगितली तेव्हां तो म्हणाला, “पण सर, बग होतेच ना?” होतेच. आम्हीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. ८४ आणि ८५ यांमधील अंतर, किंवा ५९ आणि ६० यांमधील, किती खोल असतें आणि तें कशानें पडतें हें आम्ही जाणतों. कधीं तें चहा थंड झाल्यानें पडतें.

कोणी म्हणेल, दोष तो दोष. त्याचे गुण कापूं नयेत काय? तर मग प्रारंभ वरपासून करा. शेक्सपियरनें बोहेमियास समुद्रकिनारा दिला, बेन जॉन्सननें त्याबद्दल त्याची थट्टाही केली. सीझरच्या रोमांत त्यानें घड्याळाचे ठोके पाडले. ‘विंटर्स टेल’चे त्याबद्दल किती गुण वजा केले? घराजवळचें उदाहरण घ्यावयाचें तर थोडें भीतच घेतों, वाचकांनीं कपाळास आठ्या घालूं नयेत. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलाकारांच्या हातीं पडून पाठांची दुर्दशा झाली होती. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं त्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. अशुद्ध आहे म्हणून ग्रंथ टाकून दिला नाहीं. थोर आहे म्हणून शुद्ध करावयास बसले. मालकांनीं शुद्धिपत्रें काढणें थांबविल्यावर या खेळाचे दोष वर्षानुवर्षें कोण दुरुस्त करीत आलें? खेळणारे लोक, बिनपगारी. दोन कार्यांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. वृत्ति एकाच कुळाची आहे एवढेंच म्हणतों. निकृष्ट वस्तूची दुरुस्ती कोणी रात्रीं जागून फुकट करीत नसतो.

येथें दोन गोष्टी स्पष्ट केल्याच पाहिजेत, नाहीं तर आमच्या म्हणण्याचा फायदा भलतेच लोक घेतील. ज्यानें पैसे मोजले त्यास चालणारी वस्तु मिळाली पाहिजे. अर्धें शिजलेलें ताट वाढून ‘पुढें वाफ येईल’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याची वकिली आम्ही करीत नाहीं. ही रीत अलीकडे फार बोकाळली आहे, आणि तिच्याविरुद्ध ग्राहकानें दुकानदाराच्या गल्ल्यापाशीं जरूर भांडावें. पण गल्ल्यापाशींचें भांडण आणि रसग्रहण हीं दोन निरनिराळ्या ठिकाणचीं कामें आहेत. पहिलें करून दुसरें केल्याचा आव आणणें हा सध्यांच्या परीक्षणांचा रोग आहे. दुसरी गोष्ट, कांहीं चतुर रसिकांची. ते म्हणतात, मोडक्या जगाचा खेळ मोडकाच शोभतो! ही सफाई आम्हांस नको. डॉक्टरचें डोकें फिरणें ही चूकच. तींत अर्थ शोधणें म्हणजे कसर लागलेल्या पानास नक्षी म्हणणें.

तर मग गुण कसे द्यावे? वाचकांस वाटेल, हा गृहस्थ इतक्या आवेशानें बोलतो तो स्वतः फार उदार परीक्षक असावा. तसें नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही धुळ्याच्या बाजूस एका महाविद्यालयांत शिकवीत असतांना १८०३-०४ च्या दुष्काळावर प्रश्न घातला होता. साक्रीकडच्या एका मुलानें पुस्तकांतलें उत्तर लिहिलेंच नाहीं. त्यानें आपल्या गांवाजवळच्या एका उठून गेलेल्या वस्तीच्या पांढरीविषयीं लिहिलें: तेथें नांगर धरला कीं खापऱ्या वर येतात, जात्याची तळी वर येते, आणि त्याची आजी त्या वावरांत चप्पल घालून जात नाहीं. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. ‘घरमा’, ‘वावरमा’ अशी अहिराणी ठिकठिकाणीं घुसली होती. आम्हीं तांबड्या शाईनें प्रत्येक ‘मा’खालीं रेघ ओढली; पानें लाल झालीं. जात्याच्या तळीखालीं एकही रेघ ओढली नाहीं. गुण दिले आणि पुढचा गठ्ठा घेतला.

अकराव्या व्हॉल्टमधून वर आलों त्या रात्रीं ती उत्तरपत्रिका आठवली. गुण मात्र कांहीं केल्या आठवेनात. गेल्या दिवाळींत पारोळ्याच्या बसस्थानकावर तोच मुलगा भेटला. आतां त्याचें बी-बियाण्यांचें दुकान आहे, दोन मुली शाळेंत जातात. वाकून नमस्कार केला, चहा पाजला. आम्हींच विषय काढला; म्हटलें, “तुझा तो दुष्काळाचा पेपर आठवतो. गुण किती दिले होते मीं?”

“एकोणसाठ, सर,” तो म्हणाला, आणि बस लागली म्हणून आमची पिशवी उचलूं लागला.