‘तुझ्या सोयीनं शीक’

‘मोबाइलवर सगळं शिकायला मिळतं, मग बाहेर कशाला जायचं?’ आपल्या घरांत हा प्रश्न हल्ली फार प्रेमानं विचारला जातो. सुनेला टॅली शिकायचंय, कोर्सचे पैसे भरून टाकले. तेलुगू शिकायचीय, ॲप घेऊन दिलं. ‘तुझ्या सोयीनं शीक गं, कुणाची घाई नाही.’ ऐकायला किती उदार! मी म्हणते, बाईच्या शिकण्याला घालायचं याहून सोयीचं कुलूप दुसरं नाही.

सोय कुणाची, ते आधी बघू. सकाळ दर्शन, सामायिक, नाश्ता, डबे यांत जाते. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची, म्हणजे साडेचारला पुन्हा ओट्याशी. मधे दोन तास राहतात, त्यात दळण, पाहुणे, सासूबाईंचं औषध. रेकॉर्ड केलेला धडा केव्हाही थांबवता येतो, हा त्याचा गुण म्हणून सांगतात. खरंय. पण आपल्या घरात तो कुणीही थांबवू शकतं. ‘तीन वाजता माझा वर्ग आहे’ म्हणणारीला घर वाट देतं, थोडं कुरकुरत का होईना. ‘मला धडा बघायचाय’ म्हणणारीला ‘रात्री बघ की’ एवढंच मिळतं. आणि रात्री बाई झोपते.

हे फक्त आपल्याच बायकांचं नाही बरं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ या वर्षी शिकायला आलेल्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. घर, वेळ, इंग्रजी सगळं हाताशी असलेले लोकही त्यात होते. मग अर्धवट सोडणाऱ्या सुनेला आळशी कशाला म्हणता?

एकट्यानं शिकणं आणि एकत्र बसणं यांची जोड घालायची, यात नवं काही नाही. हैदराबादचं मुक्त विद्यापीठ १९८२ चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. दोघांनी पुस्तकं घरी दिली, पण अभ्यासकेंद्रंही काढली, कारण नुसती पुस्तकं पोचवून माणूस शिकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपल्याला तर हे त्याहून आधीपासून ठाऊक असायला हवं. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत. वाचना हा पहिला. दुसरा लगेच प्रच्छना, म्हणजे विचारणं. मग अनुप्रेक्षा, आम्नाय आणि शेवटी धर्मोपदेश, म्हणजे दुसऱ्याला सांगणं. चिंतन आणि घोकणं एकटीनं होईल. विचारायला आणि सांगायला समोर माणूस लागतो. ॲप देऊन पाठशाळा बंद करू म्हणणाऱ्यांनी पाचांतले दोन प्रकार कुठे ठेवले, ते एकदा सांगावं.

तेलुगूचंच घ्या. पांढरकवड्याकडून पैनगंगा ओलांडली की दुकानांच्या पाट्या बदलतात. हिंगणघाटची, पुसदची मुलगी सून होऊन आदिलाबादला येते आणि भाजीवालीसमोर मुकी होते. आदरानं बोलताना शेवटी ‘अंडि’ लावतात, चेप्पंडि म्हणजे सांगा, कूर्चोंडि म्हणजे बसा. आपली शाकाहारी मुलगी पहिल्यांदा दचकतेच. ‘या’ म्हणायला जो शब्द आहे, त्याचा आपल्याकडचा अर्थ तर मी इथं लिहीत नाही. व्हिडिओ अर्थ सांगेल. पण तो शब्द तोंडातून काढायची लाज चार जणींत हसूनच जाते, फोनसमोर जात नाही. अक्षरं मात्र घरीच गिरवावीत, त्यासाठी वर्गाचा वेळ घालवू नये. टॅलीतल्या नोंदींचंही तसंच: पद्धत व्हिडिओत दहादा बघा, जिनिंगच्या खऱ्या बिलाची नोंद कशी करायची ते एकत्र बसून करा.

‘शिकवायला कोण येणार?’ हा ठरलेला आक्षेप. अमेरिकेत शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयात २०१५ पासून लोक आठवड्यातून एकदा जमून ऑनलाइन कोर्स सोबत करू लागले. गट चालवणाऱ्याला त्या विषयातला तज्ज्ञ असावं लागत नाही. धडा व्हिडिओतला गुरू देतो. गटाचं काम अडलं कुठं ते शोधणं आणि पुढच्या आठवड्याला यायला लावणं. तेलुगूसाठी मात्र एक बोलणारी हवीच. ती शेजारीच आहे, तिला आपण कधी विचारलेलं नाही, एवढंच.

जागेचं रडगाणं नको. समाजाचं भवन लग्नसराई सोडून दुपारी कुलूपबंदच असतं. सात-आठ जणींनी आठवड्यात दोन धडे घरी बघावेत आणि रविवारी दोन ते साडेतीन तिथं बसावं. संध्याकाळी सहाला ठेवलेला ऑनलाइन थेट वर्ग आपल्या कामाचा नाही. ती प्रतिक्रमणाची वेळ. बेला, जैनथहून येणं जमत नसेल तिनं व्हिडिओ कॉलवर यावं. उपवासामुळं, मुलाच्या तापामुळं चुकलं तर रेकॉर्डिंग आहेच, त्याचा खरा उपयोग हाच. लहान मुलांना सोबत आणा, किंवा त्या दीड तासापुरती त्यांच्या वडिलांकडे द्या. आणि तेवढ्यात दुकानावरून चहासाठी फोन आलाच, तर टपरी दुकानाच्या शेजारीच आहे.