नागास्त्र-१ : सोडलेला ड्रोन परत बोलावता येतो?

आत्मघाती ड्रोन म्हटलं की 'एकदा सोडला की संपला', असं आपल्याला वाटतं. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजचं नागास्त्र-१ इथेच वेगळं ठरतं. जवानाला उचलून नेता यावं म्हणून वजन फक्त ९ किलो. लष्कराने ४८० नग मागवले. पहिले १२० जून २०२४ मध्ये मिळाले.

लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते माघारी बोलावून पॅराशूटने उतरवता येतं आणि पुन्हा वापरता येतं. स्क्रीनवर ऐनवेळी सामान्य माणूस दिसला तर? तोफगोळा परत फिरत नाही. इथे ऑपरेटर थांबवू शकतो.

पण शत्रूने रेडिओ संपर्कच जॅम केला, तर ही सोय कागदावरच राहील. त्यामुळे अशा ड्रोनबद्दल वाचताना फक्त पल्ला बघू नका. संपर्क किती टिकतो, तेही बघा.