घेतलेला प्रवेश सोडायचा तर…

मे-जून आला, की जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउनमधल्या मराठी घरांतही एकच घोर असतो. बारावी झालेल्या मुलाचे पुढे काय? १९४७ साली सुरू झालेले इथले सरकारी इंजिनियरिंग कॉलेज मिळाले तर उत्तमच. पण काउन्सेलिंगच्या फेऱ्या संपता संपत नाहीत. मग 'हातचे एक तरी राहू दे' म्हणून वडील एखाद्या खासगी कॉलेजात पैसे भरून टाकतात. मूळ गुणपत्रिकाही तिथेच जमा होते. आणि महिनाभरात हवी ती जागा मिळाल्याचे कळते!

आता पेढे वाटायचे, की कपाळाला हात लावायचा? "भरलेली फी परत मिळत नाही," असे खिडकीमागून उत्तर येते. आई म्हणते, "जाऊ दे, इथेच शिकू दे." बाबांना दिलेला शब्द मोडायची लाज वाटते. मुलगा मात्र गप्प असतो. वास्तविक पुढची चार वर्षे काढायची असतात ती त्यालाच.

अशा वेळी नियम ठाऊक असलेले बरे. तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केला, तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत करावी लागते. इतर कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये टप्पे ठरवले. प्रवेशाच्या अखेरच्या तारखेच्या १५ दिवस आधी सोडल्यास किरकोळ खर्च वजा जाता सर्व फी, त्यानंतर त्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, महिन्यापर्यंत ५० टक्के आणि नंतर काहीच नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार तर कुणालाच नाही. थोडक्यात, इथे एकेक दिवस मोलाचा!

वैद्यकीय शिक्षणाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे जागा सोडणाऱ्याकडून बंधपत्राप्रमाणे दंड घेण्याची प्रथा अनेक राज्यांत पडली. मध्य प्रदेशात ही रक्कम ३० लाखांपर्यंत गेली होती. प्रकरणे जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. विद्यार्थ्यांवरील ताण आणि आत्महत्या पाहून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये ही अट काढण्याची शिफारस राज्यांना केली. म्हणून सही करण्याआधी त्या वर्षीची अट वाचलीच पाहिजे.

परदेशी शिकू पाहणाऱ्यांनाही हा पेच चुकत नाही. अमेरिकेत 'अर्ली डिसिजन' नावाची पद्धत आहे. या पद्धतीने एकाच कॉलेजकडे लवकर अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेतले समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. तरीही मिळणारी आर्थिक मदत अपुरी पडली, तर त्यातून मोकळे होता येते.

मग पालकांनी काय करावे? पैसे भरतानाच फी परत मिळण्याचे नियम विचारून घ्यावेत. पावती आणि प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेवावी. निर्णय झाला, की त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नुसते तोंडी सांगून भागत नाही.

दिलेल्या शब्दाचे काय? एखादी जागा गुपचूप अडवून ठेवणे आणि शेवटी सोडणे हे खरोखरच वाईट; कारण ती दुसऱ्या कुणाच्या मुलाला मिळाली असती. पण वेळीच, सरळपणे सांगून सोडलेली जागा त्या मुलाच्या उपयोगी पडते. त्यात लाज कसली?

फी भरली म्हणून मुलाला नको त्या वर्गात बसवण्यापूर्वी एकदा त्यालाच विचारून पाहावे. गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतात. मुलाची ती चार वर्षे मात्र परत येत नाहीत.