टोळीतल्या मुली: मथळ्यात ‘लेडी डॉन’, यादीतून मात्र गायब

‘लेडी डॉन’ हा शब्द बातम्यांत आता इतका रुळलाय की तो वाचून कुणी दचकत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली पोलिसांनी तुरुंगात असलेल्या एका टोळीप्रमुखाच्या पत्नीला २७० ग्रॅम हेरॉइनसह पकडल्याचं सांगितलं आणि वाहिन्यांवर लगेच हा शब्द झळकला. दोनच महिन्यांनी दिल्लीच्याच सीलमपूरमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाचा खून झाला. त्या प्रकरणात अटक झालेल्या तरुणीलाही तीच पदवी बहाल झाली. आरोप सिद्ध होतात की नाही ते न्यायालय ठरवेल, पण पदवी देताना तेवढी वाट कोण बघतो?

सिनेमाने तर ही प्रतिमा कधीच पक्की करून टाकली आहे. १९९९ मध्ये शबाना आझमींचा ‘गॉडमदर’ आला, २०१७ मध्ये दाऊदच्या बहिणीवरचा ‘हसीना पारकर’. खुर्चीत बसलेली, चार जणांना हुकूम सोडणारी बाई. अशा बायका गुन्हेगारीत झाल्या नाहीत असं नाही. पण त्या अपवाद होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींची सत्ता नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर उभी होती. टोळीतल्या बाकीच्या मुली-बायका काय करतात, त्या तिथे पोहोचतात कशा आणि पकडल्या गेल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न या प्रतिमेखाली दबून जातो.

मुळात त्या किती आहेत हेच नीट मोजलं जात नाही. रस्त्यावरच्या टोळ्यांचा सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो अमेरिकेत. तिथे पोलिस खात्यांना विचारून केलेल्या राष्ट्रीय पाहणीत टोळी सदस्यांमध्ये मुलींचं प्रमाण वर्षानुवर्षं दहा टक्क्यांच्या आत येत राहिलं. मात्र १९९५ मध्ये ११ शहरांतल्या आठवीच्या सुमारे ५,९०० मुला-मुलींनाच थेट विचारलं गेलं, तेव्हा आपण टोळीत आहोत असं सांगणाऱ्यांत ३८ टक्के मुली निघाल्या. एकाच देशात, साधारण त्याच काळात एवढा फरक!

यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. पोलिस मोजतात ते पकडलेल्यांना, आणि पकडले जातात ते जास्त करून वयाने मोठे, मारामारीत पुढे असणारे पुरुष. तेरा-चौदा वर्षांची मुलगी टोळीच्या घोळक्यात वावरते, निरोप पोहोचवते, वस्तू लपवते आणि बहुतेकदा वर्षभरात तिथून बाहेरही पडते. तिच्या नावाची नोंद कुठेच होत नाही. लंडन पोलिसांकडे ‘गँग्ज मॅट्रिक्स’ नावाची संशयितांची यादी होती. अॅम्नेस्टीने २०१८ मध्ये तिचा हिशेब मांडला तेव्हा त्यातली ९९ टक्के नावं पुरुषांची होती आणि ७८ टक्के कृष्णवर्णीयांची. वंशभेदाच्या टीकेमुळे ती यादी अखेर २०२४ मध्ये गुंडाळली. त्या टीकेत दम होताच. पण लंडनच्या टोळ्यांच्या आसपास वावरणाऱ्या मुली त्या यादीला दिसल्याच नव्हत्या, याची चर्चा फारशी झाली नाही.

आपल्याकडची स्थिती वेगळी नाही. किती महिला आणि किती अल्पवयीन मुली पकडल्या गेल्या हे वार्षिक आकडेवारीत कळतं. त्यातली कोण टोळीसाठी राबत होती, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यातून कळत नाही.

टोळीला मुलगी लागते कशाला? सगळ्यात आधी, तिच्यावर कुणाला संशय येत नाही म्हणून. दुसरं कारण कायद्यातलं आहे आणि टोळ्यांना ते वकिलांइतकंच पाठ असतं. महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे आणि अमली पदार्थांच्या म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० मध्येही आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, महिलेला अटक करता येत नाही. हे नियम हवेतच. ते काढा असं म्हणणारा मूर्ख ठरेल. पण रात्री दोन वाजता ज्या नाक्यावर एकही महिला कॉन्स्टेबल नाही, तिथून काय जाऊ शकतं याचा हिशेब टोळीवाला बरोबर मांडतो. संरक्षणासाठी केलेला नियम पोरीला ओझ्याचं जनावर बनवायला वापरला जातो.

पुढे मग कामं वाढत जातात. खोली तिच्या नावावर भाड्याने घ्यायची, सिमकार्ड तिच्या आधारवर, पैसे तिच्या खात्यावर. तुरुंगातल्या भाईला भेटायला जायचं आणि निरोप आणायचा. एखाद्या पोराला गोड बोलून ठरल्या जागी बोलवायचं, पुढचं बाकीचे बघतात. यातल्या प्रत्येक कामात कागदावर, कॅमेऱ्यात आणि मोबाइलच्या नोंदीत तिचा ठसा उमटतो. ज्याने काम सांगितलं त्याचा नाही. पकडापकडी झाली की पुरावा आधी तिच्याविरुद्धच उभा राहतो.

टोळीत ती शिरते कशी, यावर अमेरिकी अभ्यासक जोडी मिलर यांचं २००१ चं पुस्तक आजही उपयोगी आहे. कोलंबस आणि सेंट लुईस या शहरांतल्या टोळीतल्या मुलींशी बोलून त्यांनी ते लिहिलं. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, आईबापांची नशा, आणि आधीच टोळीत असलेला भाऊ किंवा चुलतभाऊ, या गोष्टी त्या मुलींच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसल्या. घरापेक्षा टोळीत आपण सुरक्षित, असं त्यांना वाटायचं. बाहेरच्यांपासून काही प्रमाणात ते खरंही होतं. आतल्यांपासून नव्हतं. मारहाण सोसून टोळीत घेतलेल्या मुलीला थोडा मान, तर टोळीतल्या पोरांशी शरीरसंबंध ठेवून आत आलेलीला कायमची हेटाळणी. आणि ही हेटाळणी करण्यात टोळीतल्या इतर मुलीच पुढे असायच्या, कारण ‘मी तिच्यासारखी नाही, मी पोरांतलीच एक’ हे त्यांना रोज सिद्ध करावं लागायचं. रीलमध्ये हातात कोयता घेऊन नाचणारी मुलगी बघून आपण जी टिंगल करतो, तिच्यात हा भाग कुठेच नसतो.

पुण्यात कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा चर्चा झाली ती पोरांची आणि त्यांची धिंड काढण्याची. त्या पोरांच्या घरातल्या, वस्तीतल्या, त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या मुलींबद्दल कुणी विचारलं नाही.

ब्रिटनने मात्र या बाबतीत एक वेगळं पाऊल टाकलं. तिथल्या मोठ्या शहरांतल्या टोळ्या लहान गावांत हेरॉइन आणि क्रॅक कोकेन विकण्यासाठी शाळकरी मुलं-मुली आणि असहाय तरुण-तरुणी पाठवतात. ऑर्डर घेण्यासाठी एकच फोन नंबर, त्यालाच ‘लाइन’ म्हणतात, म्हणून या धंद्याचं नाव ‘काउंटी लाइन्स’. पद्धत ठरलेली. आधी बूट, मोबाइल, थोडं प्रेम. मग माल देऊन पाठवायचं, वाटेत आपल्याच माणसाकडून तिला लुटवायचं आणि वर म्हणायचं, आता एवढं कर्ज तुझ्यावर, फेडेपर्यंत काम कर. आपल्याकडच्या वेठबिगारीपेक्षा हे वेगळं नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये स्वान्सीच्या न्यायालयात लंडनच्या दोन तरुणांना शिक्षा झाली. त्यांनी १९ वर्षांच्या एका असहाय तरुणीला वेल्समध्ये नेऊन डांबलं होतं आणि तिच्याकडून माल लपवून घेतला होता. सरकारी पक्षाने खटला फक्त अमली पदार्थांचा न ठेवता २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याखाली मानवी तस्करीचाही केला. ती मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यात गेली नाही. तिला पाठवणारे गेले. याच कायद्याचं कलम ४५ तर अशा पीडितांना काही गुन्ह्यांत बचावाचा हक्कच देतं. ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही, या बचावाचा गैरफायदा टोळ्याच घेतात अशी ओरड तिथले पोलिसही करतात. तरी ‘बॅग कुणाच्या हातात होती’ याच्या पुढे जाऊन ‘बॅग कुणी दिली’ हा प्रश्न विचारायची सवय तिथे तपासात आली.

याच्या अगदी उलटा मार्ग एल साल्वाडोरचा. आपल्याकडे मोबाइलवर तिथल्या महाकाय तुरुंगाचे व्हिडिओ कौतुकाने फिरतात, म्हणून दोन शब्द. २७ मार्च २०२२ ला तिथे आणीबाणी लागली, तेव्हापासून ऐंशी हजारांहून जास्त लोक आत गेले. खून प्रचंड घटले, हे खरं आहे आणि तिथले सामान्य लोक त्यावर खूश आहेत. पण व्हिडिओत दिसणारा तो तुरुंग फक्त पुरुषांचा. टोळीवाल्याची बायको, मैत्रीण, आई म्हणून उचललेल्या स्त्रिया दुसऱ्या तुरुंगांत आहेत, आणि त्यांचे व्हिडिओ कुणी काढत नाही. निर्दोष असलेले हजारो लोक सोडावे लागल्याचं तिथल्या राष्ट्राध्यक्षांनीच मान्य केलं आहे. टोळीवाल्याने दम देऊन ज्या बाईच्या घरात माल ठेवला, ती टोळीची सदस्य की टोळीची शिकार, हे ठरवायला वेळ लागतो. तो वेळ द्यायचाच नाही असं एकदा ठरवलं की हा प्रश्नच उरत नाही.

आता आपल्या कायद्याकडे बघू. आपण समजतो तेवढा तो आंधळा नाही. मुलाला किंवा मुलीला गुन्हा करण्यासाठी कामाला लावणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार किमान तीन आणि कमाल दहा वर्षं शिक्षा आहे. शिवाय तो गुन्हा घडला तर त्यानेच केला असं धरून त्याचीही शिक्षा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७८ खाली मुलांकरवी दारू किंवा अमली पदार्थ विकणाऱ्या, पोहोचवणाऱ्याला, तर कलम ८३ खाली मुलांचा टोळीत बेकायदा वापर करणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलगी अठराच्या आतली आणि तिला आणणारा तथाकथित ‘बॉयफ्रेंड’ असेल तर पॉक्सोचाही प्रश्न येतो. अटकेच्या बातम्यांत ही कलमं किती वेळा वाचायला मिळतात, हे वाचकांनी आठवून बघावं.

दुसरी बाजूही आहे. सोळा ते अठरा वयातल्या मुलीकडे वीस किलोपेक्षा जास्त गांजा सापडला, तर एनडीपीएसमध्ये त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा असल्याने तो ‘घृणास्पद’ गुन्हा ठरतो. मग कलम १५ खाली बाल न्याय मंडळ तिची प्राथमिक चाचपणी करतं आणि खटला प्रौढांसारखा चालवायचा का ते ठरवतं. गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे या चाचपणीत बघावंच लागतं. म्हणजे तिला कुणी पाठवलं हे सांगायची जागा कायद्याने ठेवलेली आहे. तिथे कुणी ते मांडलंच नाही तर मात्र उपयोग शून्य.

संघटित गुन्हेगारीच्या नव्या कलम १११ मध्ये तर एक गंमतच आहे. टोळीवाल्याला आसरा दिला तर किमान तीन वर्षं, पण आसरा देणारी त्याची पत्नी असेल तर हे पोटकलम लागू नाही. आई, बहीण, लग्नाशिवाय राहणारी मैत्रीण यांना ही सूट नाही. भावाला घरातून हाकलणं एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या बहिणीच्या हातात असतं का, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

सीमाभागात यावर आणखी दोन गाठी बसतात. बेळगावच्या बसस्थानकावर महाराष्ट्राची एसटी, गोव्याची कदंब आणि कर्नाटकची बस शेजारी शेजारी लागते. (वाद पेटला की आधी एसटी बंद होते, ते सोडा.) समजा, कोल्हापूरकडची सोळा वर्षांची मुलगी इथे बॅगेसह पकडली गेली. तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळाने तिला तिच्या जिल्ह्यात पाठवायचं ठरवलं तर कलम ९५ नुसार आदेशापासून पंधरा दिवसांत, महिला पोलिसासोबत पाठवायचं. दोन राज्यांच्या यंत्रणांत पत्रव्यवहार, मनुष्यबळ, गाडी, सगळं जमायला हवं. तोवर तिचे दिवस रिमांड होममध्ये जातात, आणि बॅग देणाऱ्याला सीमा ओलांडायला तासही लागत नाही.

दुसरी गाठ भाषेची. मुलगी मराठीत बोलते, जबाब कन्नडमध्ये उतरतो, खाली सही तिची. ‘त्याने दिली’ आणि ‘मी घेतली’ यातला फरक भाषांतरात सहज पुसला जातो. पॉक्सोखालच्या जबाबासाठी दुभाषा घेण्याची तरतूद कलम २६ मध्ये आहे, पण एनडीपीएसमधल्या आरोपी मुलीसाठी ती आठवण कुणी करून द्यायची? महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० हा त्यांचा फोन आहे, आणि मुलांसाठी १०९८. खानापूर असो की निपाणी, अशा घरातल्या आईने पहिल्याच दिवशी हा वकील मागावा. आणि त्या वकिलाने पहिल्याच तारखेला जबाबाची प्रत मुलीला मराठीत वाचून दाखवावी, ती जे बोलली तेच त्यात आहे का हे तिलाच विचारावं.