आठशे मीटरवरून काय दिसत नाही

लांब पल्ल्याची शिकारी रायफल हे उत्तम इंजिनिअरिंग आहे आणि ती वाईट कल्पना आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, एवढं मान्य असेल तर पुढं वाचा.

आमच्या मित्रांच्या ग्रुपवर सध्या रायफल बांधण्याचे व्हिडिओ फिरतात. अमेरिकेतला कुणी गॅरेजात बसून बॅरल निवडतो, ॲक्शन बसवतो, ट्रिगरचा ताण ग्रॅममध्ये मोजतो, कार्बन फायबरचा दस्ता जोडतो. शेवटी पलीकडच्या उतारावर चरणारं हरीण आठशे मीटरवरून पाडतो. वाळूजला सीएनसीवर काम करणारा मित्र लगेच लिहितो, ‘हे तर आपण इथं करू.’ खोटं नाही ते. मायक्रॉनमध्ये मापं धरणारी माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत. मीही मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्यांपैकी एक. नीट बसलेला भाग बघून मलाही बरं वाटतं. म्हणूनच या कौतुकाशी भांडायचंय.

आधी कायदा, कारण तो लवकर संपतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. परवान्याशिवाय बंदूक बनवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदुकीचे सुटे भागही कायद्याच्या लेखी शस्त्रच. तेव्हा लेथवर ‘फक्त बॅरल करून बघू’ म्हणणाऱ्यानं आधी वकील बघावा.

पण ‘कायद्यात बसत नाही’ एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. कायद्याला वाटा असतात. २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला बाहेरून शिकारी आणून दोनशेच्या वर रोही मारले, तेही केंद्राच्या परवानगीनं. आपल्याकडंही पिकं खाणारे रोही आणि रानडुकरं वनखात्याच्या परवानगीनं मारायची तरतूद आहे. उद्या कुणी म्हणालं, की या कामाला लांबून अचूक मारणारी रायफल बरी, तर काय उत्तर देणार? त्यासाठी गणित बघू.

या व्हिडिओंमधलं लाडकं काडतूस म्हणजे ६.५ क्रीडमूर. त्याची गोळी नळीतून सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास वेगानं सुटते. हवा तिला वाटेत मंदावते, त्यामुळे आठशे मीटर जायला साधारण सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात ती पाचेक मीटर खाली येते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला मीटरभराहून जास्त बाजूला नेतो. हे सगळं ॲप सांगतं. तापमान, हवेचा दाब, पृथ्वीचं फिरणंसुद्धा त्यात भरता येतं. जनावर पुढचं पाऊल कधी टाकणार, हे मात्र भरता येत नाही. सावकाश चालणारं हरीणसुद्धा सव्वा सेकंदात मीटरभर सरकतं, आणि मर्माची जागा असते वीतभर. म्हणजे नेम अचूक, हिशेब अचूक, आणि गोळी पोटात. ते जनावर मग कुठल्या तरी ओढ्यात दोन दिवस मरत पडतं. व्हिडिओत ते येत नाही, कारण एडिटिंग नावाची गोष्ट असते.

जुन्या शिकाऱ्यांचं मी गुणगान करत नाही. पण माग काढत जवळ जाणाऱ्याला जनावराचा कान हललेला दिसायचा. जवळ जाता आलं नाही तर त्या दिवशी शिकार नाही. लांब पल्ल्याची रायफल नेमकी हीच अट काढून टाकते, आणि वर त्याला कौशल्य म्हणायला लावते.

आता जमीन बघा. मॉन्टानात चुकलेली गोळी डोंगरात जाते. वैजापूरच्या सपाट रानात ती कुठं जाईल? दोन-तीन किलोमीटर ती सहज जाते. तेवढ्या टप्प्यात कापूस वेचणाऱ्या बाया असतात, वस्ती असते, शाळेची वाट असते. रात्री तर बघायलाच नको. शेतीपंपाची वीज पाळीनं रात्रीची येते, म्हणून माणूस रात्री दोन वाजता दारं धरायला रानात उभा असतो. रानडुक्करही त्याच वेळी येतं.

यावर सगळ्यात दमदार प्रश्न माझ्या मामाचा आहे. कन्नड तालुक्यात त्याचा मका रानडुकरं एका रात्रीत लोळवतात. तो म्हणतो, ‘तुम्हाला जनावराची दया, आम्हाला पोटाची चिंता.’ बरोबर आहे त्याचं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत रान नांगरून झालेलं असतं. पण रायफल त्याला काय देईल? रानडुकराच्या मादीला एका वेतात चार-सहा पिल्लं होतात. मामा दिवसभर राबून रात्री किती मारणार? त्याच्या हातात बंदूक दिली की त्याचं पीक वाचवणं ही सरकारची जबाबदारी उरत नाही, एवढाच काय तो फायदा, आणि तोही मामाचा नाही.

अचूक नेमानं असे प्रश्न सुटत असते, तर अवनीच्या बाबतीत सुटला असता. यवतमाळच्या पांढरकवडा भागातल्या या वाघिणीवर तेरा माणसं मारल्याचा ठपका होता. कॅमेरे, हत्ती, पॅराग्लायडर सगळं झालं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री एका खासगी शिकाऱ्याच्या गोळीनं ती मेली. गोळी लागली, पण बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला का, नियम पाळले का, यावर राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीनंही आक्षेप घेतले. मेलेल्या माणसांच्या घरच्यांना राग आला तो वेगळाच, की इतकी माणसं जाईपर्यंत वाट का बघितली. ही दोन्ही उत्तरं बॅरलमध्ये नव्हती.

त्याच भागातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ मार्च २०२१ मध्ये आपल्या गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला. तीनशे किलोमीटरहून जास्त चालून, कितीतरी दशकांनी इथं आलेला वाघ. वाटेत कापसाची रानं, रस्ते, गावं. आपल्यातल्या प्रत्येक हौशी माणसाकडं टेकडीवर बसून मारता येणारी रायफल असती तर तो इथवर पोचला असता का, याचा विचार करा.

ज्याला नेमाचीच ओढ आहे त्यानं रेंजवर जावं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तिथं दहाचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं आणि चुकलेल्या गोळीची किंमत फक्त गुणांत मोजतात. आणि ज्याला यंत्र बांधण्याची ओढ आहे, त्या वाळूजच्या मित्राला माझं सांगणं वेगळं आहे. मामाला बांधावर झटका मशीन हवं. पावसात न बिघडणारं, गवत वाढलं तरी चालणारं, तार तुटली की फोनवर कळवणारं आणि त्याच्या खिशाला परवडणारं. ते मिळत नाही म्हणून लोक थेट मेनची वीज तारेत सोडतात, आणि त्यात वाघ मरतात, माणसंही मरतात. मायक्रॉन धरणाऱ्या हातांना यापेक्षा अवघड आणि गरजेचं काम या जिल्ह्यात मला तरी दिसत नाही. येत्या रविवारी मी कन्नडला चाललोय. गाडीत एक जागा रिकामी आहे.