स्टेंट, गोळी की इंजेक्शन? हिशेब तर करा, बॉस!

मोबाईल घ्यायचा म्हटलं की आपण चार रिव्ह्यू वाचतो. कार घेताना मायलेज, रीसेल, सर्व्हिसिंगचा खर्च, सगळं पाठ. पण बाबांच्या छातीत दुखलं, डॉक्टर 'ब्लॉकेज आहे' म्हणाले, की कॅल्क्युलेटर बंद! 'पैशांचं बघू नका डॉक्टर, बेस्ट ते करा.' बरोबरच आहे. पण बेस्ट म्हणजे सगळ्यात महाग, हे कुणी ठरवलं?

या प्रश्नाचं उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीत जास्त स्पष्ट दिसतं. (ताडोबाला वाघ बघायला जातोच ना आपण!) चंद्रपूरहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. भामरागडहून तीनशेच्या वर, आणि पर्लकोटेच्या पुरानं या गावाचा संपर्क कित्येक पावसाळ्यांत तुटलाय. आता समजा, तिथे कुणाला अ‍ॅटॅक आला. म्हणजे हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली, स्नायू मरायला लागला. अशा वेळी तातडीची अँजिओप्लास्टी सगळ्यात भारी, यात वाद नाही. अट एकच, ती वेळेत व्हायला हवी. ईसीजीवर मोठा अ‍ॅटॅक दिसल्यापासून १२० मिनिटांत ती होणार नसेल तर जवळच्याच दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्या आणि मग पेशंटला पुढे हलवा, असं जगभरच्या गाइडलाइन्स सांगतात. यातलं स्ट्रेप्टोकायनेज जुनं आणि स्वस्त, टेनेक्टेप्लेज नवं आणि कितीतरी महाग. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ते देता येत नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. पण जंगलातल्या रस्त्यावर पाच-सहा तास घालवून मिळालेल्या स्टेंटपेक्षा पहिल्या तासात मिळालेलं स्वस्त इंजेक्शन जास्त स्नायू वाचवू शकतं. व्हॅल्यू फॉर मनी म्हणतात ते हेच!

अ‍ॅटॅक नसेल तर मात्र हिशेब पूर्ण वेगळा. जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, अशा 'स्टेबल' पेशंटांवर २००७ मध्ये 'करेज' ही ट्रायल आली, २,२८७ जणांची. मग २०२० मध्ये 'इस्केमिया', ५,१७९ जणांची. दोन्हींचा निष्कर्ष सारखाच: नीट औषधं घेणाऱ्यांना वर अँजिओप्लास्टी वगैरे केली, तरी मृत्यूचं प्रमाण काही घटलं नाही. दुखणं कमी होतं, तो फायदा खरा. मुख्य धमनीत ब्लॉक असेल, हार्ट कमजोर असेल किंवा डायबिटीससोबत तिन्ही धमन्या तुंबल्या असतील तर गोष्ट निराळी. तिथे बायपासचे पैसे वसूल होतात. बाकीच्यांसाठी अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि बीपीची गोळी. जेनेरिक घेतल्या तर दिवसाचा खर्च तुमच्या कॅपुचिनोच्या जवळपासही जात नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. आधी सरासरी एमआरपी सव्वा लाखाच्या घरात होती! तरी स्टेंट म्हणजे अख्खं बिल नव्हे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यात गडचिरोली होतं. हीच आजची महात्मा फुले योजना. ती ऑपरेशनचं बिल भरते, पण सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी कोण भरणार?

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र दवाखान्याबाहेरच आहे. गडचिरोलीत 'सर्च' चालवणाऱ्या डॉ. अभय बंग यांनाच ऐन चाळिशीत हृदयविकारानं गाठलं. आहार, चालणं, योग, ध्यान असं करत आपण आयुष्य कसं बदललं, ते त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये लिहिलंय. तिकडे गल्लोगल्ली खर्रा घोटला जातो, म्हणून २०१६ पासून जिल्ह्यात 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान सुरू झालं. आपल्याकडे खर्रा नाही, पण ऑफिसखालची सुट्टा गँग आहेच की!

आता एक होमवर्क. आईबाबा गावी असतील तर आज फोन करून विचारा, जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्री ईसीजी निघतो आणि ते इंजेक्शन मिळतं? आणि कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी उघडा. अ‍ॅडमिट होऊन टाकलेल्या स्टेंटचे पैसे बहुतेक पॉलिसीज देतात. रोजच्या गोळ्यांचे देतात का, ते एचआरला विचारून बघा.